हलक्या रायफलीचे वजन

रॉकी पर्वताच्या उंच रानात एल्कच्या शिकारीला जाणाऱ्याने कोणती रायफल आणि कोणते काडतूस न्यावे, हा वाद अमेरिकेत गेली शंभर वर्षे चालू आहे. या वादातून तिथे एक स्वतंत्र गद्यप्रकारच जन्माला आला. मासिकांतील सदरे, आठवणींची पुस्तके, विक्रेत्यांच्या सूचिपुस्तिका आणि त्यांवरील खंडन-मंडन असा त्याचा मोठा पसारा आहे. मराठी वाचकाला हा विषय परका वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार थांबली आणि शिकारकथा हा प्रकार स्मरणरंजनात जमा झाला. आम्ही मराठीचे अध्यापक; रायफल खांद्याला लावण्याचा प्रसंग आमच्यावर आलेला नाही. तरीही या वाङ्मयात आम्ही रमलो, कारण 'हलके' या एका विशेषणाचा अर्थ तिथे कसा पालटत गेला हे पाहणे आमच्या कामाचे होते. मात्र या अर्थांतराची किंमत एका मुक्या जनावराला मोजावी लागते, हे लक्षात आल्यावर नुसत्या शब्दचिकित्सेवर थांबणे आम्हाला प्रशस्त वाटले नाही. म्हणून या वादात आमचेही एक मत आहे, आणि ते येथे मांडत आहोत.

प्रथम जनावर आणि त्याचा मुलूख. एल्क म्हणजे आपल्याकडच्या सांबराचा थोराड भाऊबंद. शॉनी लोकांच्या भाषेतून आलेले त्याचे 'वापिटी' हे नाव त्याच्या फिकट पुठ्ठ्यावरून पडले. पूर्ण वाढलेला नर तीनशे ते साडेतीनशे किलो भरतो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. विसाव्या शतकाच्या आरंभी सबंध उत्तर अमेरिकेत एल्कची संख्या एक लाखाच्याही खाली गेली होती. आज ती दहा लाखांच्या घरात आहे, आणि कोलोरॅडोत ते सर्वाधिक आहेत. शिकारीचा हंगाम सुरू होऊन माणसांची वर्दळ वाढली, की ते सडकांपासून दूर, चढणीच्या जंगलात सरकतात. १९६४ च्या 'वाइल्डरनेस' कायद्याखाली राखलेल्या प्रदेशांत मोटारीला बंदी आहे, सायकललाही आहे. जायचे ते पायी, नाहीतर घोड्यावरून. कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट उंच आहे. इथे शिकाऱ्याचा तंबूच नऊ-दहा हजार फुटांवर पडतो आणि पहाटेची चढण तिथून पुढे सुरू होते. हवा विरळ, अंगावर चार-पाच दिवसांचा शिधा, आणि खांद्यावर रायफल. अशा माणसाला रायफल हलकी असावीशी वाटली, तर त्यात नवल काहीच नाही.

परंतु हे गणित पुढे चालवून पाहावे. एल्कचा नर पडला, की हाडे वेगळी करूनही शंभर किलोच्या आसपास मांस उरते. खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा तिथे गुन्हा आहे. जवळ खेचर नसेल, तर हे ओझे पाठीवरून, चार-चार खेपा करून खाली आणावे लागते. सूचिपुस्तिकेतील अतिहलकी रायफल आणि साधी डोंगरी रायफल यांच्या वजनांत फरक असतो तो अर्ध्या किलोचा, फार तर पाऊण किलोचा. अर्धा किलो म्हणजे अर्धा लिटर पाणी. जो माणूस शंभर किलो मांस वाहून आणण्याची तयारी ठेवून निघाला आहे, त्याच्या दृष्टीने या अर्ध्या किलोचे महत्त्व नेमके किती, हा प्रश्न त्या चकचकीत पानांवर कोणी विचारत नाही. उलट जितके वजन कमी तितकी किंमत जास्त, असा तेथील बाजाराचा उफराटा न्याय आहे.

अमेरिकन शिकारीच्या नीतीची सर्वांत सखोल मीमांसा आल्डो लिओपोल्ड यांनी केली आहे. वनखात्यातील नोकरीने त्यांच्या विचाराची सुरुवात झाली. न्यू मेक्सिकोतील हिला हे अमेरिकेतले पहिले राखीव निर्जन रान १९२४ मध्ये त्यांच्याच आग्रहातून घोषित झाले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ सँड काउंटी अल्मनॅक' या ग्रंथात वन्यजीव आणि संस्कृती यांच्यावर एक निबंध आहे. त्यात ते असे दाखवतात की, पश्चिमेकडे सरकत गेलेल्या आद्य वसाहतकारांनी शिकारीला दोन कल्पना दिल्या. एक, रानात हलके होऊन जावे. दुसरी, एका सावजाला एकच गोळी. या दोन्ही मुळात नाइलाजातून आल्या. वाहने नव्हती म्हणून ओझे कमी; पैसा आणि दारूगोळा बेताचा म्हणून गोळी जपून. पुढे नाइलाज सरला, पण कल्पना उरल्या आणि त्यांचे नीतिनियम झाले. बाजारातील साधनांच्या सुळसुळाटाने हे नियम बुजून जातील, अशी लिओपोल्ड यांना धास्ती होती.

आमच्या मते या दोन कल्पना जुळ्या आहेत. हलके जायचे ते कशासाठी? दमछाक कमी व्हावी, हात स्थिर राहावा आणि ती एकुलती एक गोळी नेमकी जागी बसावी यासाठी. पहिली कल्पना दुसरीची चाकर आहे. आजच्या अतिहलक्या रायफलींच्या बाजाराने ही जोडी फोडली. पहिल्या कल्पनेची पूजा मांडली, आणि दुसरीचा बळी दिला.

हे कसे घडले ते समजण्यासाठी एका जुन्या वादाकडे वळणे अगत्याचे आहे. जॅक ओकॉनर (१९०२–१९७८) हे या गद्यप्रकाराचे अध्वर्यू. गृहस्थ मूळचे आमच्याच बिरादरीतले: इंग्रजीचे आणि पुढे पत्रकारितेचे प्राध्यापक, ॲरिझोना विद्यापीठात अध्यापन केलेले, कादंबऱ्याही लिहिलेले. 'आउटडोअर लाइफ' मासिकात सुमारे तीस वर्षे त्यांनी शस्त्रांवर सदर लिहिले. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या .२७० विंचेस्टर या काडतुसाला त्यांच्या लेखणीने घराघरांत पोहोचवले. १३० ग्रेन वजनाची लहानशी, पण वेगवान गोळी. सपाट मार्ग, सोसवणारा धक्का. त्यांचे सांगणे थोडक्यात असे, की रायफल डोंगरात नेता यावी आणि गोळी फुप्फुसांत बसावी. मग मोठ्या नळीची मातब्बरी राहत नाही.

त्यांचे प्रतिपक्षी एल्मर कीथ (१८९९–१९८४) आयडाहोतले गुराखी आणि पाहुण्या शिकाऱ्यांना रानात नेणारे वाटाडे. त्यांनी पाहिलेले रान वेगळे होते. दाट झाडीत क्षणभर दिसणारा, तिरका उभा, पळण्याच्या बेतात असलेला एल्क. खांद्याच्या जाड हाडावर फुटून गेलेली हलकी गोळी. आणि मग बर्फावर मैलोगणती रक्ताचा माग. त्यांचा कौल जड आणि रुंद गोळीला होता, जी कोणत्याही कोनातून आरपार जाईल. या दोघांच्या चाहत्यांत जे रणकंदन माजले, ते वाचताना आम्हाला फडके-खांडेकर वादाची आठवण झाली. तिथल्याप्रमाणेच इथेही अनुयायांनी गुरूंचे म्हणणे गुरूंपेक्षा जास्त ताणले, आणि दोन्ही पक्षांना मान्य असलेली गोष्ट दृष्टीआड झाली. ओकॉनर आणि कीथ या दोघांचाही खरा आग्रह एकच होता: सावज तिथल्या तिथे पडावे. मतभेद होता तो साधनाविषयी.

या वादाचा निम्मा निकाल नळीच्या मापाने नव्हे, गोळीच्या घडणीने लावला. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर हे ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले होते. हातात .३०० मॅग्नम, म्हणजे त्या काळचे जबरदस्त काडतूस. तरीही चिखलाने माखलेल्या त्या प्रचंड जनावराच्या अंगावर गोळ्या वरच्या वरच फुटल्या, आत शिरल्या नाहीत. नॉस्लर यांनी यावर उपाय शोधला तो असा: गोळीच्या तांब्याच्या वेष्टनातच मध्ये एक आडवी भिंत ठेवायची. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून खोल शिरतो. ही 'पार्टिशन' गोळी १९४८ पासून विकली जाऊ लागली. पुढे १९८९ मध्ये बार्न्सची संपूर्ण तांब्याची गोळी आली. तिच्यात शिसेच नसल्याने चुरा होण्याचा प्रश्न मिटला. शिसे खाऊन गिधाडे मरतात म्हणून कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीसाठी शिसेविरहित गोळी सक्तीची आहे, हे येथे नोंदवण्यासारखे आहे. नॉस्लर यांच्या अनुभवातून आम्ही घेतलेला बोध सरळ आहे. तिथे मॅग्नम अपुरे पडले ते शक्ती कमी होती म्हणून नव्हे. त्या शक्तीला पेलणारी गोळी नव्हती म्हणून. चांगल्या घडणीची गोळी मध्यम काडतुसातून सुटली, तर कीथ यांच्या आक्षेपाचे बहुतांश निरसन होते.

आता अतिहलक्या रायफलीकडे. १९५२ मध्ये विंचेस्टरने आपल्या 'मॉडेल ७०' ची 'फेदरवेट' ही आवृत्ती काढली, तेव्हा दुर्बीण न धरता सुमारे तीन किलो वजन हे पिसासारखे हलके मानले जाई. १९८० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियात मेल्व्हिन फोर्ब्स यांनी सव्वादोन-अडीच किलोंची रायफल घडवली. त्यांची कामगिरी आम्हाला आदरणीय वाटते, कारण त्यांनी वजन कमी केले ते विचारपूर्वक: लाकडी दस्त्याच्या जागी केव्हलार आणि ग्रॅफाइटच्या धाग्यांचा ताठ दस्ता, आणि मध्यम काडतुसाच्या मापाला बेतलेला आटोपशीर सांगाडा. हलकेपणा हा तिथे सबंध रचनेचा परिणाम होता. नंतरच्या स्पर्धेत मात्र हलकेपणा हेच ध्येय झाले. त्यावर कडी म्हणजे त्या सडपातळ देहात मॅग्नम काडतूस बसवण्याची टूम निघाली. गिऱ्हाइकाला डोंगरासाठी हलकेपणा हवा आणि मनाच्या समाधानासाठी शक्ती हवी. विक्रेत्याने दोन्ही एकाच खोक्यात घालून दिली.

इथे पदार्थविज्ञान आडवे येते. गोळी आणि दारूचा वायू पुढे जातात त्या संवेगाने रायफल मागे येते. काडतूस तेच राहिले, तर धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. वजन एक चतुर्थांशाने घटवले, की धक्का एक तृतीयांशाने वाढतो. .३०० विंचेस्टर मॅग्नम हे १९६३ चे काडतूस १८० ग्रेनच्या गोळीसह ३.६ किलोंच्या रायफलीतून उडवले, तर धक्का तीसएक फूट-पाउंड भरतो. तेच २.७ किलोंच्या रायफलीतून उडवले, की चाळीस. आता १९८० मध्ये आलेले ७ मिलिमीटर-०८ रेमिंग्टन हे मध्यम काडतूस १४० ग्रेनच्या गोळीसह ३.२ किलोंच्या रायफलीत घ्यावे. तिथे आकडा पंधरा-सोळाच्या आसपास येतो. म्हणजे अतिहलके मॅग्नम यापेक्षा अडीचपट जोराने खांद्यावर आदळते.

धक्का म्हणजे केवळ खांदा दुखणे नव्हे. शरीर तो लक्षात ठेवते. पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या क्षणी डोळा मिटतो, खांदा आकसतो, आणि नळी बोटभर हलते. शंभर यार्डांवरचा बोटभर फरक तीनशे यार्डांवर तिप्पट होतो. शिवाय अशा रायफलीचा सराव कोणी आनंदाने करत नाही. हंगामापूर्वी चार बार काढून ती कपाटात जाते. हलक्या रायफलीचा आणखी एक दोष असा, की ती हातात स्थिर राहत नाही. चढून आल्यावर छाती धपापत असते, नाडीचा प्रत्येक ठोका नळीच्या टोकाशी दिसतो. तेव्हा थोडे वजनच तो ठोका गिळत असते. तोंडाला धक्काशामक बसवून मार निम्म्यावर आणता येतो, हे खरे. पण बाराचा आवाज मग बाजूला फाकतो आणि शिकाऱ्याच्या व त्याच्या सोबत्याच्या कानांवर येतो.

तेव्हा निवड कोणती? आमचा कौल असा आहे. दुर्बीण, पट्टा आणि काडतुसे धरून सव्वातीन-साडेतीन किलोंची रायफल, काडतूस.२७० विंचेस्टर, ७ मिलिमीटर-०८ किंवा .३०८ विंचेस्टर यांपैकी. आणि गोळी पार्टिशनच्या जातीची अथवा संपूर्ण तांब्याची. अंतराची मर्यादा तीनशे यार्ड. एल्कसाठी पंधराशे फूट-पाउंड ऊर्जा असावी, असा एक संकेत जुन्या शिकाऱ्यांत आहे. तो काही निसर्गनियम नव्हे. तरीही ही तिन्ही काडतुसे साधारण तीनशे यार्डांपर्यंत त्या संकेतातही बसतात. कायदा याहून पुष्कळ कमी मागतो. कोलोरॅडोत .२४ कॅलिबर, ८५ ग्रेनची फुलणारी गोळी आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पाउंड एवढे एल्कसाठी पुरेसे मानले आहे. कायदा किमान सांगतो. उचिताचा निर्णय ज्याचा त्याने करायचा असतो.

या यादीतील ७ मिलिमीटर-०८ विषयी दोन शब्द, कारण ते आपल्या वाचकांना वाटते तितके अनोळखी नाही. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना जी रिग्बी रायफल भेट मिळाली, ती .२७५ ची होती. .२७५ रिग्बी म्हणजे १८९० च्या दशकातल्या सात मिलिमीटरी मॉसर काडतुसाचेच इंग्रजी नाव. ७ मिलिमीटर-०८ हा शक्तीच्या दृष्टीने त्याचाच आधुनिक जोडीदार म्हणता येईल. ओकॉनर यांच्या पत्नी एलिनॉर यांनीही सात मिलिमीटर मॉसरवर असंख्य जनावरे टिपली. कुमाऊँच्या दऱ्यांत आणि रॉकीच्या उतारांवर जी गोष्ट सिद्ध झाली, ती एकच: सोसवणारे काडतूस, परिचयाची रायफल आणि जनावराच्या देहरचनेचे ज्ञान.

याविरुद्ध दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की दहा दिवसांच्या रानवासानंतर शेवटच्या संध्याकाळी नर दिसतो तो चारशे यार्डांवर, तिरका. तेव्हा मॅग्नमच हवे. आमचे उत्तर असे, की तो बार सोडून देण्याची तयारी हाही शिकारीचाच भाग आहे. जो प्रसंग टाळणे उचित, त्याला अनुरूप शस्त्र घेऊन जाणे म्हणजे मोहाची आगाऊ तरतूद करणे होय. दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. बांध्याने दणकट आणि भरपूर सराव असलेला माणूस चार किलोंची .३०० मॅग्नम खांद्यावर वागवून उत्तम नेम साधतो. त्याला आम्ही का अडवावे? अडवत नाही. त्याने वजन पत्करले आहे आणि सरावही केला आहे. कीथ यांची परंपरा तो प्रामाणिकपणे चालवतो. आमचा विरोध आहे तो शक्ती हवी पण तिचे ओझे नको, या वृत्तीला.

कारण चुकलेल्या गोळीचा हिशेब सूचिपुस्तिकेत नसतो. एल्कच्या छातीत हृदय-फुप्फुसांचा टापू जेवणाच्या मोठ्या ताटाएवढा असतो. गोळी तिथे बसली, तर जनावर शे-दीडशे पावलांत कोसळते. वीतभर मागे, पोटात बसली, तर ते तासन्‌तास चालत राहते. दरीत उतरते, दाट झाडीत शिरते, अंधार पडतो, बर्फ माग पुसून टाकतो. जखमी जनावराचा माग काढण्याचा यथाशक्ती प्रयत्न करणे कोलोरॅडोत कायद्याने बंधनकारक आहे. परंतु हा प्रयत्न किती केला, हे पाहायला त्या उंचीवर कोणी नसते. लिओपोल्ड यांनी नेमके हेच हेरले होते: शिकाऱ्याला टाळ्या वाजवणारा प्रेक्षक नसतो, त्याचे आचरण पाहणारी फक्त त्याची सदसद्विवेकबुद्धी असते. या एका कारणासाठी आम्हाला रायफलीची निवड हा नीतीचा प्रश्न वाटतो. निवड दुकानात होते, आणि परिणाम अशा जागी घडतो जिथे साक्षीदार नाही.

मराठीत 'हलका' म्हणजे कमी वजनाचा, तसाच कमी प्रतीचाही. 'नेम' म्हणजे रोखलेली दृष्टी, आणि नेम म्हणजे पाळलेले व्रतही. आपल्या भाषेने हे अर्थ शेजारी शेजारी ठेवले, याचा उपयोग आपण करून घ्यावा. जो हलकेपणा दुसऱ्या अर्थाच्या नेमाला धरून येतो, तो स्वीकारावा. जो पहिल्या अर्थाचा नेमच बिघडवतो, तो कितीही महाग असला तरी हलक्या प्रतीचाच समजावा. रायफलीतला अर्धा किलो वाचवण्यापेक्षा तो उन्हाळ्यात स्वतःच्या पोटावरून कमी करावा, आणि वाचलेल्या पैशांतून शंभर काडतुसे आणून, पाठपिशवीवर नळी टेकवून, बसून, धापा टाकत असताना सराव करावा. एवढे करून जो डोंगर चढेल, त्याच्या खांद्यावरची रायफल काट्यावर किती भरते, याने एल्कला फारसा फरक पडणार नाही.